आबा आणि त्यांचे खरं बोलणारे लॅपटॉप

आबांना खोटं चालत नसे. हे मी कौतुकाने सांगत नाहीये. खोटं न चालणारा माणूस लांबून फार छान दिसतो. त्याच्याबरोबर रोज साडेदहा ते साडेपाच एका खोलीत बसावं लागलं की कळतं. आबा जाऊन आता दोन उन्हाळे झाले. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच लिहावं म्हणतात. पण मी नुसतं गोड लिहिलं असतं तर आबांनी तेही खोट्यातच जमा केलं असतं, म्हणून आधी तक्रारी.

धुळ्यात, पांझरा नदीच्या पलीकडे देवपुरातल्या एका कॉलेजात मी तासिका तत्त्वावर संगणक शिकवत होते आणि आबा लॅब सांभाळत होते. मुळात ते लागले वायरमन म्हणून. कॉलेजात संगणक आले तेव्हा त्यांची वायरिंग करायला आत शिरले आणि परत बाहेर आलेच नाहीत. रोज सोनगीरहून स्कूटरवर येत. खिशाला टेस्टर, कपाळावर चष्मा, शिक्षण आयटीआय. लॅपटॉप सुरू होताना काळ्या पडद्यावरून शेकडो ओळी झरझर सरकतात. एमएस्सी होऊनही मी त्या कधी वाचल्या नव्हत्या. आबा त्या नंतर परत काढून, पडद्यावर बोट ठेवून, वीजबिल तपासावं तशा एकेक वाचत. बोटाचे डाग पुसायचं काम माझं.

त्या वाचनानेच घोळ केला. पुण्याच्या कुठल्याशा कंपनीने आम्हाला वीस जुने लॅपटॉप दिले होते आणि आम्ही त्यांच्यावर लिनक्स चढवलं होतं. एका दुपारी आबांचं बोट एका ओळीवर थांबलं. "मॅडम, हे काय म्हणतंय?" मी बघितलं, हसले आणि समजावून सांगितलं. माझ्या नोकरीतली ती सगळ्यांत मोठी चूक.

मी सांगितलं ते असं. लॅपटॉपचं बटण दाबलं की लिनक्स लगेच उठत नाही. आधी बोर्डावर कायमचा बसवलेला एक छोटा प्रोग्राम उठतो, त्याला फर्मवेअर म्हणतात. पंखा, पडद्याचा उजेड, बॅटरी, झाकण, सगळ्याच्या किल्ल्या त्याच्याकडे. मग तो लिनक्सच्या गाभ्याला, म्हणजे कर्नलला, जागं करतो आणि दोघांचं बोलणं सुरू होतं. फर्मवेअर विचारतं, "तू विंडोज आहेस का?" कर्नल बिनदिक्कत सांगतो, "हो." "अमक्या सालचं?" "हो." "त्याच्या पुढचं?" "तेही." आणि "तू लिनक्स आहेस का?" असं विचारलंच, तर उत्तर येतं, "नाही." यात कुणाचं कपट नाही. बनवणाऱ्यांनी हे लॅपटॉप बहुतेक विंडोजवरच तपासलेले असतात. विंडोज म्हटलं की सगळी दारं नीट उघडतात. दुसरं काही म्हटलं तर फर्मवेअर कुठल्या तरी जुन्या, वर्षानुवर्षं कुणी न झाडलेल्या वाटेने जातं. मग कुठे पंखा अडतो, कुठे टचपॅड मरतं. सगळ्या जगात हे असंच चाललेलं आहे आणि त्यापायी कुणाचीही झोप उडालेली नाही.

आबांची उडाली. दोन दिवस ते माझ्याशी तुटक बोलले, जणू कर्नल मीच लिहिला होता. तिसऱ्या दिवशी त्यांनी कुठून तरी शोधून काढलं की सुरू होतानाच्या आज्ञेत दोन शब्द घातले की हे थांबतं. पहिला शब्द सांगतो, विंडोज असल्याचं म्हणू नकोस. दुसरा सांगतो, लिनक्स असल्याचं म्हण. संध्याकाळपर्यंत आबांनी ते विसाच्या वीस लॅपटॉपमध्ये घातले, हात झटकले आणि म्हणाले, "आता कसं मोकळं वाटतंय."

मोकळं त्यांना एकट्यालाच वाटलं. सात लॅपटॉपचे पंखे पूर्ण वेगाने फिरायला लागले ते थांबेचनात. चारांचे फिरेचनात. पडद्यांचा उजेड कमी होईना, मुलं डोळे चोळत बसायची. पाच-सहा टचपॅड गेली. झाकण मिटलं तरी लॅपटॉप झोपत नसे, त्यामुळे सकाळी बॅटऱ्या पार रिकाम्या. मुलं लॅबला गिरणी म्हणायला लागली. शेजारच्या वर्गातून मराठीचे सर येऊन विचारून गेले, "मॅडम, दळण कधी संपणार?" मी आबांकडे तक्रार नेली की त्यांचं एकच उत्तर: "नाव विचारलं की नाव सांगायचं. मग पंखा फिरो नाहीतर न फिरो."

मी वादही घातला. म्हटलं, आबा, पूर्वी कर्नल लिनक्स म्हणून खरं नाव सांगत होता. पण काही फर्मवेअरवाले ते नाव ऐकलं की भलतंच काहीतरी करायला लागले, मशीन बिघडायला लागली. म्हणून कर्नलवाल्यांनी विचार करून ठरवलं की हे नाव सांगायचंच नाही. लाज म्हणून नाही, सोय म्हणून. आबांनी चष्मा कपाळावरून नाकावर घेतला. "म्हणजे नाव ऐकून वागणूक बदलायची." मी म्हटलं, "तसंच काहीसं." "आणि चूक कोणाची धरली? नाव सांगणाऱ्याची." एवढं बोलून ते चहाला गेले. अशा माणसाशी काय बोलायचं?

आबांची दुसरी खोड म्हणजे त्यांचा जय भीम. प्राचार्यांना जय भीम, केबलवाल्याला जय भीम, विद्यापीठातून आलेल्या तपासणी समितीलाही जय भीम. आवाज असा की पार्किंगमधून दुसऱ्या मजल्यावर पोचावा. मी रुजू झाले त्या दिवशी त्यांनी कार्यालयात माझी कागदपत्रं पाहिली असावीत, कारण दुसऱ्या दिवशी भरल्या स्टाफरूममध्ये ते माझ्यासमोर येऊन उभे राहिले. "जय भीम, मॅडम!" मी म्हटलं, "जय भीम, आबा," पण इतक्या हळू की मलाच जेमतेम ऐकू आलं. आबांनी ते ऐकलं, आणि हळूपणाही ऐकला.

आता माझं सांगते. मी जळगावची. आमचं आडनाव निकम, आणि या आडनावाची माणसं बऱ्याच समाजांत आहेत. देवपुरात खोली शोधायला निघाले तेव्हा पहिल्या तीन घरी समाज विचारला, मी सांगितला, आणि तिन्ही खोल्या अचानक भाच्याला, दिराला, गोदामाला लागल्या. चौथ्या घरी काकूंनी विचारलं, "निकम? म्हणजे आपल्यातलेच ना वं?" मी दमले होते. दोन दिवसांवर रुजू व्हायचं होतं. मी म्हटलं, "हो." एवढंच. खोली मिळाली, फार चांगली मिळाली. काकू प्रेमळ होत्या. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी केली की ठेच्यासकट वर आणून द्यायच्या, ताप आला तर उशाशी बसायच्या. पण एक हो पुरत नाही. त्या विचारायच्या, तुमची कुलदेवी कोणती, मामाचं गाव कुठलं, नवरात्रात तुमच्याकडे काय असतं. प्रत्येक प्रश्नाला एक नवा हो लागायचा आणि मी तो देत राहायचे. बाबा फोनवर म्हणायचे, "राहू दे. नोकरी सांभाळ."

आबांना हे काहीच माहीत नव्हतं. एका रविवारी त्यांनी माझा स्वतःचा लॅपटॉप दुरुस्त करून घरी आणून दिला. काकू अंगणात कुरडया वाळत घालत होत्या. फाटकातूनच आबांचा आवाज आला, "जय भीम, मॅडम!"  मी जिन्यावरून धावत उतरले आणि म्हटलं, "नमस्कार आबा, नमस्कार." काकूंनी मान वर करून पाहिलं. मी काहीतरी बडबडले, कॉलेजचा माणूस, लॅबचं काम. आबांनी एकदा काकूंकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं, लॅपटॉप हातात दिला आणि स्कूटर वळवली.

दुसऱ्या दिवशी मीच विषय काढला. "आबा, घरी आलात तर तेवढं नुसतं नमस्कार म्हणाल का?" मला वाटलं होतं भांडतील. ते म्हणाले, "बरं." आणि माऊस साफ करत बसले. मला त्या 'बरं'चाच राग आला. याचं काय जातं? सोनगीरला स्वतःचं घर आहे, आडनाव असं की तोंड उघडायच्या आधीच सगळं कळतं, ह्याला निवड करायची वेळच कधी आली नसेल. असं मला वाटत होतं, आणि दिवसभर मी त्यांच्याशी धड बोलले नाही.

मग एप्रिलमधली प्रात्यक्षिक परीक्षा आली. जळगावहून बाहेरचे परीक्षक येणार होते. लॅबचं पत्र्याचं छप्पर तापलेलं, पंखा न फिरणारे लॅपटॉप वीस मिनिटांत तापून आपोआप बंद पडत होते. कुणाचा पेपर अर्ध्यात गेला तर वर्ष जायचं पोरांचं. मी आबांना म्हटलं, तेवढे तीन दिवस ते दोन शब्द काढा. "नाही." मी म्हटलं, पोरांचं नुकसान होईल. "मी बर्फ आणतो." मी खरंच डोक्याला हात लावला. "आबा, यंत्र आहे ते! त्याला कसलं आलंय खरं नि खोटं?" तेव्हा ते पहिल्यांदा माझ्यावर चिडले आणि चिडले की त्यांची गावची बोली बाहेर यायची. "नाव इचारं का नाव सांगानं. इतलंच शे. याम्हा अवघड काय शे?"

रविवारी मी एकटीच लॅबला गेले, किल्ली माझ्याकडेही होती. विसाच्या वीस लॅपटॉपमधून ते दोन शब्द काढून टाकले. दोन तास लागले. प्रत्येक लॅपटॉप परत सुरू करून पाहिला. फर्मवेअरने विचारलं, कर्नलने हो म्हटलं, आणि पंखे शहाण्यासारखे हळूहळू फिरायला लागले. लॅब इतकी शांत झाली की बाहेर साळुंक्या भांडताना ऐकू आल्या. मला मोठं काहीतरी जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. तसं काही वाटलं नाही.

सोमवारी आबा आत आले, दारातच थबकले, मग एका लॅपटॉपवर तळहात ठेवला. तो गार होता. त्यांनी त्या ओळी काढल्या, बोट ठेवून वाचत खाली आले, थांबले, आणि लॅपटॉप मिटून जागेवर ठेवला. तीन दिवस परीक्षा बिनबोभाट पार पडली. परीक्षकांनी लॅबचं कौतुक केलं. आबांनी त्यांना चहा दिला, पंख्याखाली बसवलं, सह्या घेतल्या. 

परीक्षक गेल्यावर खिडक्या लावता लावता ते माझ्याकडे न बघता बोलायला लागले. पंचविशीत असताना ते शिरपूरला कापसाच्या एका जिनिंगमध्ये वायरमन होते. खोली मिळेना, म्हणून एका मित्राचं आडनाव सांगितलं. दोन वर्षं राहिले, कुणाला कळलं नाही. मग एकदा त्यांची आई न कळवता भेटायला आली. सोनगीरहून एसटीने, डोक्यावर बाजरीचं गाठोडं घेऊन. घरमालक ओट्यावर बसलेला. आईच्या पदराला बाबासाहेबांचा बिल्ला. मालकाने विचारलं, ही कोण रे? आबांनी सांगितलं, गावाकडची बाई आहे, निरोप घेऊन आलीय. आईने गाठोडं खाली ठेवलं, पाणीही न पिता परत फिरली. तिने तो विषय मरेपर्यंत काढला नाही.

"मनी माय व्हती ती, मॅडम," आबा म्हणाले. मग नेहमीच्या मराठीत, "तो विंडोज आहे म्हणतो, त्याचं मला एवढं काही नाही. पोटासाठी माणूस पुष्कळ हो म्हणतो. पण तू लिनक्स आहेस का म्हटल्यावर नाही म्हणतो ना, ती ओळ मला वाचवत नाही." मी ते दोन शब्द परत घालू का म्हणून विचारलं. "राहू द्या," ते म्हणाले, "पोरांना उजेडाचा त्रास होत होता."

मे अखेर आबा निवृत्त झाले. निरोप समारंभात सगळ्यांनी त्यांच्या प्रामाणिकपणाबद्दल भाषणं केली, ज्यांनी वर्षभर त्यांच्या नावाने बोटं मोडली होती त्यांनी जरा जास्तच. आबांनी दोन मिनिटांत उत्तर दिलं आणि त्यातलं एक मिनिट लॅबच्या अर्थिंगबद्दल होतं.

आठवड्याभराने ते माझ्या घरी आले. त्यांच्या मुलीचं, शुभांगीचं, लग्न चार दिवसांवर होतं. तेव्हा मला हे माहीत नव्हतं. फाटकाशी स्कूटर थांबली आणि हळू आवाजात हाक आली, "नमस्कार, मॅडम." इतका हळू आवाज मी आबांचा कधी ऐकला नव्हता. मी खाली आले. काकू ओसरीतच बसल्या होत्या. आबांच्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी होतं आणि वर्तमानपत्राच्या कोपऱ्यातून पिवळ्या पाकिटाची कड दिसत होती. काकू हौशी. "पत्रिका वाटतं? कुणाचं लग्न? बघू तरी!" आणि त्यांनी हात पुढे केला.

आबांनी ते पुडकं छातीशी घेतलं. "नाही ताई," ते म्हणाले, "कॉलेजचे कागद आहेत."

माझ्यासाठी म्हणाले. एका लॅपटॉपला खोटं बोलू न देणारा माणूस पोटच्या पोरीच्या लग्नपत्रिकेला कॉलेजचे कागद म्हणाला. आणि ते म्हणताना त्यांचा चेहरा असा झाला होता की पुढे काय होईल याचा विचार करायला मला फुरसतच राहिली नाही. मी ते पुडकं त्यांच्या हातातून घेतलं आणि उघडलं. पत्रिकेवर वरती भगवान बुद्ध आणि बाबासाहेब. ती काकूंच्या हातात दिली. "काकू, आबांच्या मुलीचं लग्न आहे. आबा आमच्यातले. जय भीम, आबा." या वेळी मी मोठ्याने म्हटलं.

काकूंनी पत्रिका पाहिली, माझ्याकडे पाहिलं. "मग तू..." "हो काकू." त्यांनी पत्रिका नीट घडी घालून परत दिली, फाडली नाही, टाकली नाही, आणि आत गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी जिन्याच्या खालूनच सांगितलं की पुतण्या शिकायला येतोय, एक तारखेला खोली लागेल. त्यांचे डोळे सुजलेले होते. मी त्यांच्यावर धड चिडूही शकले नाही, आजही शकत नाही.

चिडले ते आबा, आदल्या दिवशीच. फाटकाबाहेर आल्याबरोबर त्यांनी मला फैलावर घेतलं. "आजच सांगानी काय गरज व्हती? मी सांगं व्हतं ना कॉलेजना कागद शेत म्हणून!" मी म्हटलं, "आबा, तुम्हीच वर्षभर..." "मी लॅपटॉपचं बोलत होतो! लॅपटॉपला रस्त्यावर काढत नाही कोणी!" ते इतके संतापले होते की स्कूटरची किल्ली उलटी घालत होते. वर्षभर मी या माणसापुढे डोकं आपटलं, शेवटी त्याच्या मनासारखं केलं, आणि तो माझ्यावरच ओरडत होता.

दुसऱ्या दिवशी, काकूंनी सांगितलं त्याच सकाळी, नऊ वाजता ते हजर. घरी मांडववाला खोळंबलेला, पाहुणे यायला लागलेले, बायको फोनवर फोन करतेय, आणि नवरीचा बाप देवपुरात माझ्यासाठी खोल्या शोधत हिंडतोय. मी सांगून पाहिलं, मी माझी शोधते, तुम्ही जा. "बसा मागे," म्हणाले. प्रत्येक फाटकाशी ते स्कूटरवरच थांबत, आत येत नसत, तोंडातून अक्षर काढत नसत. बोलायचं काम माझं. पहिल्या घरी खोली कालच गेली होती. दुसऱ्या घरी फक्त कुटुंबाला देत होते. तिसऱ्या घरी बाईंनी दार उघडलं, पाणी दिलं, खोली दाखवली. हवेशीर होती, भाडंही परवडणारं. मग त्यांनी आडनाव विचारलं.

"निकम."

"असं का! मग आपल्यातलेच तुम्ही?"

फाटकाशी स्कूटर फुटफुटत होती. आबांनी ती बंद केली.

"नाही," मी म्हटलं. "आम्ही बौद्ध."

बाईंनी खोलीचं दार ओढून घेतलं. मग म्हणाल्या, ह्यांना विचारून कळवते. नंबर घेतला नाही. मी बाहेर येऊन आबांच्या मागे बसले. मी ओढणीने डोळे पुसले आणि ते त्यांना आरशात दिसलं असणार. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. स्कूटरला किक मारली.

"नीट बसा, मॅडम," ते म्हणाले. "देवपूर मोठं आहे."